फितीवरची भोकं

रेवदंड्याच्या एसटीत महेरुन्निसाच्या पुढच्या बाकावर मनुबाई आणि तिची भाची क्रांती बोलत बसल्या होत्या. महेरुन्निसाला नागावला उतरायचं होतं, पण कान सगळे पुढच्या बाकावर.

"म्हंजे तुझी नोकरी भोकं पाडायची?"

"भोकं लेझर पाडतो, आत्या. पातळ फितीवर झोत पडला की मागून प्रोटॉन सुसाट सुटतात. पुढंमागं कॅन्सरची गाठ जाळायला उपयोगी पडतील."

"आणि तू काय करतेस?"

"झोत सेकंदाला दहा वेळा येतो. भोक पडलं की ती जागा वाया. मग दर वेळी कोरी फीत पुढं सरकवायची, केसभरही मागंपुढं न होता. ते यंत्र माझं."

"येवढं शिकून फीत सरकवतेस! गावात कुणाला सांगू नको हां."

"आत्या!"

"बरं गो. तुटत न्हाय ती?"

"रोज तुटायची. परवा साहेब म्हणाले, आज तासभर टिकली नाही तर हे यंत्र बंद."

"मग?"

"पन्नास मिनिटं नीट चालली. आणि एकदम फीत थरथरायला लागली..."

"नागाववाले उतरा!" कंडक्टर ओरडला. महेरुन्निसा हलली नाही. गाडी सुटली.

"चाची, तुमचं नागाव गेलं!" कंडक्टर म्हणाला.

"जाऊ दे रे," म्हणत ती पुढं वाकली. "बेटी, तुटली काय गो?"

क्रांती दचकली, मग हसली. "नाही तुटली, चाची. तासाभरात छत्तीस हजार भोकं. एकही चुकलं नाही."

"अल्लाचा शुकर!" महेरुन्निसानं पिशवी उचलली. "आता थांबव रे गाडी. मी जाते चालत."