सुपात काहीतरी कमी

मालकीण : तुम्ही? गिऱ्हाईक म्हणून? आमच्याच रेस्टॉरंटमध्ये?

ताई : चार हंगाम मागच्या दारानं आले. म्हटलं, एकदा पुढच्या दारानं येऊन बघावं. बसा ना.

मालकीण : शेफनी तुम्हाला काढलं, त्याचं मलाही वाईट वाटलं हो. सख्खी बहीण. पण पदार्थ चाखणाऱ्या बाईची चवच गेली म्हटल्यावर...

ताई : शहरभर हेच सांगत फिरलाय. आता मला कुणी कांदे सोलायलाही ठेवत नाही. ती मिठाची वाटी सरकवा जरा.

मालकीण : घ्या. अहो, अहो! अख्खी वाटी सुपात?

ताई : बारीक आहे, विरघळेल. आता बोलवा त्याला. म्हणावं, भोपळ्याच्या सुपात काहीतरी कमी वाटतंय. तक्रार आली की शेफनं स्वतः टेबलाशी येऊन चाखायचं, ही त्याचीच रीत ना?

मालकीण : लोक बघतायत, ताई.

ताई : बघू देत. त्यासाठीच हंगामाचा पहिला दिवस निवडलाय.

(मालकीण खूण करते. शेफ येतो.)

शेफ : कुठल्या पाहुण्यांची... ताई? तू कशाला आलीस?

ताई : जेवायला. चाख की रे, काय कमी आहे ते सांग.

शेफ : मॅडम, हिला...

मालकीण : चाखा, शेफ.

शेफ : हं. अगदी बरोबर जमलंय. भोपळ्याचा गोडवा, मागून आल्याचा चटका. काही कमी नाही. मॅडम, मी म्हणालो होतो ना, हिची जीभ कामातून गेलीय?

मालकीण : शेफ, त्यात वाटीभर मीठ आहे. माझ्या डोळ्यांदेखत टाकलंय.

शेफ : ताई...

ताई : तापातून उठलास, तोंडाची चव गेली म्हणून माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलास. कुणाला सांगू नको म्हणालास. झाकली मूठ चार हंगाम मी सांभाळली. आणि तू केसानं गळा कापलास माझा!

शेफ : भीती वाटली गं. कधीतरी तू बोलशील म्हणून...

ताई : आजही मी बोलले नाही. तूच बोललास.

मालकीण : ताई, उद्यापासून स्वयंपाकघरात याल?

ताई : उद्याचं उद्या बघू. आज मी जेवायला आलेय. जा रे, दुसरं सूप घेऊन ये. यात मीठ फार झालंय.