पिल्लाची आंघोळ

हसा बायांनो, खुशाल हसा, पण मी एकदा बकरीच्या पिल्लाले साबण लावून आंघोळ घातली होती.

लग्न होऊन सिहोऱ्याले आली, ते माझं पहिलंच वर्ष. माहेर तुमसरच्या बाजारातलं, घरात बकरी कधी नव्हतीच. सासूबाई धान कापायले गेल्या होत्या अन् इकडं भरदुपारी आमची बकरी व्याली. एकच पिल्लू, काळं, चिकट-चिकट. म्हटलं, सासूबाई येईपर्यंत स्वच्छ करून ठेवू, सुनेवर खूश होतील. पाणी गरम केलं, लग्नात आलेला वासाचा साबण काढला, टॉवेलनं कोरडं केलं अन् मायपुढं नेऊन ठेवलं.

बकरीनं हुंगलं अन् शिंगानं ढकलून देलं.

सासूबाई आल्या, पिल्लू पाहून जागीच थांबल्या. "धुतलं काय वो तुनं याले?"

"हो, किती घाण होतं!"

"अवो, मायले चाटू द्या लागते. वासानंच तर ओळखते थे. आता आपलं काहून म्हणंल?"

बकरीनं चाटावं म्हणून त्यांनी पिल्लाले मीठ चोळून पाहिलं. बकरीचे पाय धरून पाजून पाहिलं. पाचव्या दिवशी पिल्लू गेलं.

ते पाचही दिवस बकरी ओरडून ओरडून आपलं पिल्लू शोधत होती, अन् ते तिच्यापुढंच उभं होतं.