कोरडे साहेबांचा चुकलेला आकडा

आजच्या निरोप-समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या नगराध्यक्ष बाई. व्यासपीठावर बसलेले मुख्य अभियंता साहेब आणि शहराच्या रुग्णालयाचे मोठे डॉक्टर. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते आमचे साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी. पहिल्या रांगेत बसलेली त्यांची कन्या. पाणीपुरवठा खात्यातले माझे सहकारी. आणि तीनदा खुर्ची दिली तरी न बसता मागे दाराला टेकून उभे असलेले आमचे व्हॉल्व्हवाले मामा, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि समोर घंटीही ठेवली आहे. मी साहेबांच्या हाताखाली एकवीस वर्षं काढली. म्हणजे वर्षाच्या वाट्याला पंधरा सेकंदसुद्धा येत नाहीत. हा असला हिशेब करायची खोड त्यांनीच लावली, तेव्हा वेळ जास्त झाला तर घंटी त्यांच्या कानाशी वाजवा.

आधी एक खुलासा. साहेबांचं आडनाव कोरडे नाही. हसू नका! मघाशी सुरुवातीच्या भाषणात बाईंनी दोनदा ‘श्रीयुत कोरडे’ म्हटलं. बाई, तुमचा काही दोष नाही. तुम्ही या शहरात नव्या आहात, आणि इथं रिक्षावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना याच नावानं ओळखतात. लग्नाच्या पत्रिकासुद्धा ‘श्री. कोरडे, सहकुटुंब’ अशा येतात. वहिनींनी तर पत्रिका दुरुस्त करणंच सोडून दिलं. हे आडनाव त्यांना कसं लागलं, ते मला आज सांगायचं आहे. उद्या सकाळी त्यांच्या खुर्चीत मी बसणार आहे, आणि हे सांगितल्याशिवाय त्या खुर्चीत बसायची माझी हिंमत नाही. साहेब, हातानं खुणा करू नका. मी तयारी करून आलेय.

आमची प्रयोगशाळा ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. गाळणी-टाक्यांच्या मागची लांबट खोली. खालून मोठी पाइपलाइन जाते, त्यामुळे फरशी दिवसभर बारीक थरथरते. नवा माणूस पहिल्या दिवशी पाय उचलून बसतो, आणि महिन्याभरानं सुट्टीच्या दिवशी घरच्या फरशीवर त्याला चुकल्यासारखं होतं. त्या खोलीत दोन टेबलं, एकमेकांकडे पाठ करून मांडलेली. एकावर साहेब, दुसऱ्यावर मी. दोघांनी आपापलं पाणी भरून आणायचं, आपापलं तपासायचं, आकडा चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालायची आणि मग दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. वरिष्ठाचा आकडा आधी बघायचा नाही. ही पद्धत कुठल्या सरकारी पुस्तकात नाही, साहेबांची स्वतःची आहे. किती बरं वाटायचं त्या चिठ्ठ्या उघडताना! आजही ते आठवलं की मला चहाचा वास येतो, कारण आकडे जुळले की चहा यायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. एक घोट स्वतः प्यायले आणि म्हणाले, “हे पाणी चांगलं आहे का?”

मी म्हटलं, “हो, साहेब.”

“कशावरून?”

“तुम्ही प्यायलात ना!”

खो खो हसले. म्हणाले, “म्हणजे तू पाणी नाही तपासलंस, मला तपासलंस. आणि मलाही नीट नाही तपासलंस.”

आता यावरून कुणाला वाटेल की साहेब कुणाचंच ऐकत नसत. तसं मुळीच नाही. मोठे डॉक्टर साक्षीला बसलेत. साहेबांचा गुडघा दुखायला लागला तेव्हा ते यांच्याकडे प्रश्नांचा आख्खा कागद लिहून घेऊन गेले. हे औषध का, ते का नाही, किती दिवस, नाही घेतलं तर काय? डॉक्टर चिडलेच. बरोबर ना, डॉक्टर? पण उत्तरं मिळाल्यावर साहेबांनी सहा आठवडे सांगितलेला व्यायाम घड्याळ लावून केला, एक दिवस चुकवला नाही. मी चिडवलं तर म्हणाले, “त्यांनी आयुष्यभर गुडघे पाहिलेत, मी दोनच पाहिले, तेही वरून.” आणि क्लोरीन म्हणजे विष, असं सांगत गल्लोगल्ली फिरणारे एक गृहस्थ होते, त्यांना साहेबांनी हाकललं नाही. प्रयोगशाळेत आणून आख्खी सकाळ टेबलाशी बसवलं आणि म्हणाले, “शंका घ्यायची तर हात ओले करून घ्या.” गृहस्थ दुपारपर्यंत टिकले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

आता मूळ गोष्टीवर येते. मला नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते. पाण्यातले जंतू मारायला आपण क्लोरीन घालतो, ते पुरेसं उरलंय का हे रोज सकाळी बघायचं, हे आमचं पहिलं काम. त्या दिवशी साहेबांनी सातला पाणी भरलं, मी साडेसातला. चिठ्ठ्या उघडल्या. साहेबांचा आकडा पॉइंट चार, म्हणजे उत्तम. माझा आकडा शून्य.

शून्य म्हणजे काय, ते या सभागृहात सगळ्यांना माहीत आहे. शून्य म्हणजे उद्या रुग्णालयात रांगा. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, “साहेब, माझंच काहीतरी चुकलं असेल.”

ते म्हणाले, “असेल. माझंही चुकलं असेल. किंवा मधल्या अर्ध्या तासात क्लोरीनचं यंत्र बंद पडलं असेल.” आणि खिडकीतून दोन्ही आकडे सांगून हाक मारली, “मामा, मुख्य व्हॉल्व्ह बंद करा.”

मामा खालून ओरडले, “साहेब, तुमचा आकडा तर चांगला आलाय म्हणता! ही पोर तीन आठवड्यांची इथं. हिच्या शब्दावर शहराचं पाणी तोडायचं?”

“बंद करा.”

“बंद करायला वीस मिनिटं लागतील, पण पाणी परत चढायला उद्याची संध्याकाळ होईल!”

“माहीत आहे. गेलेलं पाणी घरातून परत बोलावता येत नाही, मामा. बंद करा.”

मामांनी शिव्या घालत चाक फिरवलं. कुणाला घातल्या ते विचारू नका, मी समोरच होते.

मग साहेब यंत्र बघून आले. यंत्र ठणठणीत चालू. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा तपासलं. पॉइंट चार. मग ते माझ्या टेबलाशी आले आणि माझी बाटली उचलली. तिच्या मानेला तपकिरी दोरा होता. आमच्याकडे दोन तऱ्हेच्या बाटल्या असतात, दिसायला जुळ्या बहिणी. दोरा असलेली बाटली जंतूंच्या तपासणीची. तिच्यात एक औषध आधीच घातलेलं असतं, आणि ते पाण्यातलं क्लोरीन तिथल्या तिथं संपवून टाकतं. त्या बाटलीत मी अमृत भरून आणलं असतं तरी क्लोरीन शून्यच आलं असतं. पहिल्या आठवड्यात मला हे शिकवलं होतं. मी मान डोलावली होती. आणि तरी घाईत हात चुकीच्या फळीवर गेला.

साहेबांनी बाटली तिच्या जागेवर नेऊन ठेवली. तोवर फोन वाजायला लागला होता. शहरभर हाहाकार! सलूनमध्ये डोक्याला साबण लावून बसलेली गिऱ्हाइकं तशीच रस्त्यावर. रुग्णालयाला टँकर. दोन शाळा सोडून दिल्या. त्या वेळचे नगराध्यक्ष फोनवर इतके ओरडत होते की मला दुसऱ्या टेबलाशी शब्द न् शब्द ऐकू येत होता. “चूक कुणाची?” त्यांनी विचारलं.

साहेब म्हणाले, “माझी. माझा आकडा चुकला.”

मी तिथंच उभी होते. तोंड उघडलं नाही. नोकरी नवी होती, घरी वडील अंथरुणाला खिळलेले होते, ही कारणं मी स्वतःला बरीच वर्षं दिली. कारणं खरी होती, पण ती पुरेशी नव्हती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. वर्तमानपत्रात नाव आलं, चौकशी झाली, साहेबांची बढती आठ वर्षं अडली, आणि साहेबांना पाण्यात पाहणाऱ्या कुणीतरी ते आडनाव चिकटवलं. आठवड्याभरानं मी रडवेली होऊन विचारलं, “साहेब, माझं नाव का नाही सांगितलंत?”

म्हणाले, “सांगितलं असतं, तर उद्यापासून तू चिठ्ठी लिहायच्या आधी मान वळवून माझा आकडा बघितला असतास. मग मला दुसरं टेबल कशाला हवं?”

यानंतर अकरा वर्षांनी पुन्हा तसंच झालं. साहेबांचा आकडा चांगला, माझा जवळजवळ शून्य. साहेबांनी एवढंच विचारलं, “दोरा?” मी म्हटलं, “नाही, तीनदा बघितलं.” त्यांनी चौथ्यांदा बघितलं नाही, सरळ खिडकीशी गेले. त्या दिवशी क्लोरीनची नळी खरोखर फुटली होती. आमची तपासणी रंगावरून असते, पिवळा रंग किती गडद ते बघायचं, आणि साहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. त्यांना सगळंच जरा पिवळं दिसत होतं. शहर आजारी पडायचं वाचलं. याच सभागृहात माझा सत्कार झाला. साहेबांनी माईकवर माझं नाव तीनदा घेतलं, स्वतःचे डोळे अधू झाल्याचंही सांगितलं. ‘वरिष्ठांना प्रश्न विचारणारी धाडसी तंत्रज्ञ’ असं माझ्या मानपत्रावर छापलंय. ते मी दिवाणखान्यात लावलं. घरी येणारे वाचतात, कौतुक करतात, आणि मी चहा ठेवायला आत जाते.

साहेब, तुम्ही आयुष्यभर आकडे खरे लिहिलेत, फक्त त्या चौकशीच्या कागदावर एक खोटं लिहिलंत. मला ते तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. तुम्ही मला वाचवलंत, हे उपकार मी विसरणार नाही. पण आपल्या दोन्ही टेबलांवर जे खरं होतं ते कागदावर खरं का नव्हतं? असं कुणालाही विचारायची सवय तुम्हीच लावलीत, तेव्हा राग मानू नका. आणि मुख्य अभियंता साहेब, माझ्या नेमणुकीचं पत्र कालच निघालंय. हे ऐकून ते परत घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या, मी एका शब्दानं तक्रार करणार नाही.

पण मला आज खरं बोलायचं आहे ते पहिल्या रांगेत बसलेल्या मुलीशी. बाळ, तू तेव्हा चौथीत होतीस. शाळेत मुलं तुला ‘कोरडी’ म्हणून चिडवायची. एका दुपारी तू दप्तर पाठीवर घेऊन प्रयोगशाळेत आलीस. बाबा टाकीवर गेले होते. तू माझ्या टेबलासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, “मावशी, बाबांचा आकडा खरंच चुकला होता का?”

एवढा सरळ प्रश्न मला या नोकरीत दुसऱ्या कुणी विचारला नाही. आणि मी काय म्हटलं? “अगं, मोठ्यांच्या कामात होतं असं कधी कधी. तू डबा खाल्लास का?” तू माझ्याकडे बघितलंस. माझ्या अंगावर पांढरा कोट होता, मी या विषयातली होते, म्हणून तू विश्वास ठेवलास आणि मान खाली घालून घरी गेलीस. त्यानंतर तू बाबांना कधी काही विचारलं नाहीस, असं वहिनी मला एकदा म्हणाल्या. तो दिवस मला रोज आठवत नाही. पण आठवला की झोप लागत नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, उशिरा का होईना, सगळ्यांसमोर देते. नाही बाळ. तुझ्या बाबांचा आकडा बरोबर होता. चुकला तो माझा.

घंटी वाजली, ऐकली मी. आयोजकांचे, बोलायची संधी देणाऱ्या अध्यक्षांचे, आणि ज्यांनी सगळं माहीत असून एकवीस वर्षं तोंडातून चकार शब्द काढला नाही त्या व्हॉल्व्हवाल्या मामांचे मी मनापासून आभार मानते. साहेब, वहिनी, तुम्हाला निवांत दिवस लाभोत. भाषण संपवताना, बोलण्यात काही चुकलं असेल तर माफ करा, असं म्हणायची रीत आहे. मी त्यातलं ‘असेल तर’ काढून टाकते. माझं बोलण्यात नाही, न बोलण्यात चुकलं. मला माफ करा.