डोळे आखणाऱ्या सुगंधाबाईंचं लेसर

आत्ता कीर्तनाला येताना देवळाच्या दारात चपला काढत होते, तर मागून कानावर आलं — "सुनेनं डोळ्यांचं लेसर केलंय बाई! आठ दिवस फोडणीच्या धुरापाशी जायचं नाही म्हणे. चष्मा तिचा गेला, पोळपाट माझ्या गळ्यात आला!" कोण बोललं ते नाही सांगत. समोरच बसल्यात — तोंडाला पदर लावून!

हसा, हसा. पण मंडळी, एक सांगा. हे डोळे मिळाले ते कशासाठी? आपण बघावं म्हणून, का चारचौघांत आपण बरं दिसावं म्हणून? उत्तराची घाई नको. पेटीवाले, स्वर नुसता धरून ठेवा... हलका... हां. चला पेणला!

पेणला गणपतीचे कारखाने. त्यातल्या एका कारखान्यात ओळीनं तीनशे मूर्ती बसल्यात. सोंड झाली, पितांबर झाला, रंग वाळला — पण डोळे नाहीत! सगळे वाट बघतायत. डोळ्यांशिवाय कसली वाट बघतात, ते मला नका विचारू. वाट कोणाची? तर सुगंधाबाईंची.

वय सेहेचाळीस. चष्मा उणे सातचा, बाटलीच्या बुडासारखा जाड. बाई येतात, चष्मा काढतात, खिळ्याला अडकवतात. हो, काढतात! चष्मा निघाला की दार दिसत नाही, अंगण दिसत नाही, नवरा हरेश्वर दिसत नाही. "कामाला तेवढीच शांतता," असं त्याच म्हणायच्या! सगळं जग हळूच विरघळून जातं. पलीकडचे बल्ब म्हणजे पाण्यावर सोडलेली पिवळी फुलं. माणसं म्हणजे चालतं धुकं. आणि त्या धुक्यात एकच गोष्ट स्वच्छ — टीचभर अंतरावरचा देवाचा चेहरा. कुंचल्याचा एकेक केस मोजून घ्या! श्वास धरायचा. रेष ओढायची. पापणी... बुबुळ... शेवटी पांढरा ठिपका. झालं! देव बघायला लागला. आणि सगळ्यात आधी कोणाकडे? सुगंधाबाईंकडे!

त्यांची लेक ऋता. पुण्यात नोकरीला. तिनं स्वतः लेसर केलेलं, आणि उत्तम झालेलं. मी काही लेसरच्या विरुद्ध नाही बरं का! पोरांना सुख झालंय, खोटं कशाला बोलू?

ऋताचा साखरपुडा ठरला. हॉलमध्ये फोटोवाला म्हणतो, "मावशी, काचेवर उजेड चमकतोय, चष्मा काढा जरा." काढला. तेवढ्यात कोणी ओरडलं — विहीणबाईंची ओटी भरा! बाईंनी समोरच्या हिरव्या साडीची ओटी भरली, वाकून नमस्कार केला. ती हिरवी साडी म्हणते, "अहो काकू, मी मठ्ठा वाढायला आलेय!"

हॉल हसला. सुगंधाबाई हसल्या. ऋता नाही हसली.

चौथ्या दिवशी ऋताचा फोन — "आई, लग्नाआधी तुझं लेसर करू या. तुझ्या सोयीसाठी गं!" हरेश्वर म्हणाले, "बरोबर आहे, पावसात काचेवर वाफ धरते." बाई म्हणाल्या, "पोरीची हौस आहे." माणसं तीन, कारणं तीन — आणि खरं? एकही नाही!

तिघंही पुण्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर देवस्थळीबाईंनी तपासलं. "करता येईल. पण काम काय करता?"

"देवाचे डोळे आखते. चष्मा काढून. एवढ्यावरून." बाईंनी टीच दाखवली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग नीट ऐका. काहींचे डोळे नंतर कोरडे पडतात, काहींना दिव्याभोवती वलयं दिसतात. बहुतेकांचं निभावतं. पण तुमची चाळिशी उलटलीय. लांबचं लख्ख दिसेल, आणि हे टीचभरावरचं, आज नुसत्या डोळ्यांनी दिसतं ते, जाईल. जवळचा चष्मा लागेल. त्यातून पोथी वाचाल, सुई ओवाल. पण आज दिसतं तसं नाही. हे लेसर हवंय कोणाला?"

तिघंही पंख्याकडे बघायला लागले! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाहेर बसून ठरवा."

डोळ्यांत औषधाचे थेंब पडलेले. चष्मा पर्समध्ये. बाकावर सुगंधाबाई बसल्यात — आणि दवाखाना वितळतोय! ट्यूबलाइट म्हणजे दुधाच्या नद्या. नर्सबाई म्हणजे पांढरे ढग, येतात नि जातात. बाईंनी संमतीचा कागद नाकाशी धरला. मुंगीएवढी अक्षरं स्वच्छ दिसली. मोठ्यानं वाचलं — "जवळची नजर पूर्वीसारखी राहणार नाही, हे मला समजलं आहे."

"अगं, पण—" हरेश्वर म्हणाले, आणि गिळलं.

"शिकेल दुसरं कोणी आखायला," बाई म्हणाल्या. "पोरीचं लग्न एकदाच होतं. पेन दे गं."

मंडळी, इथं क्षणभर थांबते. असे कागद आपल्याही घरात फिरतात. एक जण "तुझ्याच भल्यासाठी" म्हणून पुढे करतो, दुसरा मायेपोटी सही करतो, तिसरा गिळतो. आज घरी गेलात की बघा — आपण त्यातले कोण? मला नका सांगू. त्या माणसाला सांगा!

ऋता पेन द्यायला वाकली. वाकली आणि तिचा चेहरा त्या धुक्यातून वर आला... थेट टीचभरावर. पापणीचा केसन् केस.

"थांब. हलू नको," आई म्हणाली. मूर्तीकडे बघावं तशी बघत राहिली. "बुबुळ खाली पळतंय तुझं. असा डोळा मी आखला ना, तर गिऱ्हाईक मूर्ती परत आणेल. म्हणेल, देव माझ्याकडे बघतच नाही. वर बघ."

ऋतानं वर बघितलं. डोळे भरले, नाक लाल झालं. हरेश्वर बाकावरून उठून उभे राहिले.

"नको सही करूस, आई. तुझ्या सोयीसाठी नव्हतंच ते. मला... मला तुझ्या चष्म्याची लाज वाटते."