पेन ड्राइव्ह घरात होता

योंगसानच्या बाजारात लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानाबाहेर मी नंबर लावून बसले होते. मांडीवर बाबांचा लॅपटॉप होता. ते गेल्यावर तो इथवर आणायला मला अख्खा हिवाळा लागला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मुलगी बोलत होते.

“बाबा, नवी सिस्टिम पेन ड्राइव्हवरून टाकतात.”

“त्याच्याशिवायही येते टाकता. डिस्कचे दोन भाग करायचे. एकात नवी सिस्टिम आणून ठेवायची आणि तिथून ती दुसऱ्यात चढवायची.”

“मग?”

“मग लॅपटॉपने विचारलं, कुठला भाग पुसू? मी म्हटलं, दोन्ही.”

“आणि तुम्ही ज्येष्ठ नागरिक केंद्रात म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवता.”

“आता हाच धडा घेईन. काय करू नये, ते माझ्याइतकं कुणाला येत नाही.”

“पण पेन ड्राइव्ह घरात होता. मीच दिलेला.”

“तो वापरायचा तर आधी सगळा पुसावा लागतो, ग्योंगआ. त्यात तुझ्या आईचं गाणं आहे.”

“कराओकेतलं? मशीनने शंभरात बेचाळीस दिले होते ते?”

“मी मध्येच गायला लागलो म्हणून. नाहीतर पन्नास मिळाले असते.”

“मग ते आधी लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं.”

“घेणार होतो. कंटाळा केला.”

“बरं झालं, बाबा. नाहीतर तेही पुसलं गेलं असतं.”

“तुझी आई असती, तर आळसाचं एवढं कौतुक तिने ऐकून घेतलं नसतं.”

आतून माझा नंबर पुकारला.

“तुम्ही आधी जा,” मी त्यांना म्हटलं. “काय पुसायचं, ते माझं अजून ठरलेलं नाही.”