औषधवाला पेटिफर

(लंडन, १९३१. रहस्यकथा लिहिणाऱ्या हेस्टर रॅग यांच्या घरची बैठकीची खोली. समोर ऑलिव्ह पेटिफर, अंगातला कोट न काढता.)

ऑलिव्ह : चहा राहू द्या. शेवटचं प्रकरण वाचा. मोठ्यानं.

हेस्टर : मीच लिहिलंय ते, मिस पेटिफर. विष घालणारा औषधवाला पकडला जातो.

ऑलिव्ह : टक्कल पडलेला, एका पायानं लंगडणारा, दुकानात पोपट पाळलेला. आमच्या ब्रॅडनमध्ये असा औषधवाला एकच. माझे वडील.

हेस्टर : तुमच्याकडच्या डॉक्टरांच्या बायकोला कुणीतरी विष देऊन मारल्याचं पेपरात वाचलं, म्हणून मी दोन दिवस तिथं येऊन राहिले होते. तुमच्या वडिलांकडून खोकल्याचं औषध घेतलं. फार मायेनं बोलले.

ऑलिव्ह : मग त्यांनाच का धरलंत?

हेस्टर : मायेनं बोलले म्हणून.

ऑलिव्ह : हे काय बोलणं झालं, बाई?

हेस्टर : आमच्या धंद्याची रीत आहे ती. माझ्या आजोबांच्या वेळी खुनाची गोष्ट फाशीच्या दिवशी रस्त्यात विकायचे, एका कागदावर छापून. खुनी कोण ते आधीच ठाऊक असायचं. पुढे गोष्टीत गुप्तहेर आला. आणि युद्धानंतर लोकांना कोडं हवंसं झालं. इतकी पोरं उगाच मेली होती ना... निदान पुस्तकात तरी प्रत्येक मरणाला कुणीतरी जबाबदार असावं. फक्त तो असा हवा, की वाचणाऱ्याला त्याचा संशयच येऊ नये.

ऑलिव्ह : आणि गावाला संशय आलाच! खरा खुनी पोलिसांना सापडला नाही, आणि तुमच्या पुस्तकात आयताच मिळाला. महिन्याभरात दुकानात माशी फिरकेना. पोरं दारावर 'विषवाला' लिहून जायची. बाबा रोज सकाळी ते पुसायचे, हूं की चूं न करता. फेब्रुवारीत गेले. पुरायला आम्ही चौघं होतो, पाद्री धरून.

हेस्टर : पहिल्याच पानावर छापलंय, सगळं काल्पनिक आहे म्हणून.

ऑलिव्ह : ते पान कोण वाचतं?

हेस्टर : ...कुणी नाही. मीसुद्धा नाही. मी पेपरात खुलासा लिहिते. आजच लिहिते.

ऑलिव्ह : गाव गेलं खड्ड्यात. मी आईसाठी आलेय. पस्तीस वर्षं संसार केला तिनं त्यांच्याशी. परवा बटाटे सोलता सोलता थांबली आणि मला विचारते, "ऑलिव्ह, त्यांनी खरंच काही केलं नसेल ना गं?"

हेस्टर : अरे देवा.

ऑलिव्ह : मी शपथा घेतल्या. पण मी पडले त्यांची मुलगी. माझं खरं कसं वाटेल तिला? तुम्ही रचलंत, तुम्हीच तिच्यासमोर बसून सांगा. चारची गाडी आहे.

हेस्टर : येते. टोपी घेते आणि निघूच. ...मिस पेटिफर, त्या विचारतील, मग कुणी केला खून? काय सांगू?

ऑलिव्ह : ठाऊक नाही म्हणा.

हेस्टर : बावीस पुस्तकं झाली माझी. एकाच्याही शेवटी हे वाक्य नाही.

ऑलिव्ह : लिहायचं नाहीये, बाई. नुसतं म्हणायचंय.