हिंदी तर आपल्याला येतेच

आमच्या समृद्धीला आठवीत हिंदी घ्यायची का संस्कृत, हे ठरवायचं होतं आणि झोप माझी उडाली होती. पोरगी संस्कृतवर अडून बसलेली. पण त्यात काही अडलं तर घरी शिकवणार कोण? हिंदीचं तसं नाही. परभणीत वाढलेल्या माणसाला हिंदी येतेच, असं मी आपलं धरून चालले होते.

शाळेत विषय सांगायला निघालो, तेव्हा रिक्षातच तिला नमुना दाखवला. खड्डा आला तशी म्हणाले, "भैया, जरा हळू हाको ना, पोट का पानी हलता है!"

रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "ताई, मराठीत बोला की. मी पूर्णेचा हाय."

समृद्धी शाळेपर्यंत हसत होती.

सरांनी तिला विचारलं, "संस्कृत जड जाईल बरं. हिंदी का नको?"

ती अदबीनं म्हणाली, "सर, हिंदी घेतली की मम्मी शिकवायला बसंल."

मी इतकी गडबडले, की तोंडातून हिंदीच निघाली, "ऐसा कुछ नहीं सर, मेरी हिंदी लय चांगली है!"

सरांनी तिच्या नावापुढं संस्कृत लिहून टाकलं.